अर्ध्या तासाचा जीव

मोबाईलवरील खेळांविषयी आपल्याकडे जे बोलले जाते, ते बहुधा मुलांना उद्देशून असते. पाठशाळेत, शिबिरांत, प्रवचनानंतरच्या गप्पांत 'आजची पिढी' हे शब्द आले की मागच्या रांगेतील वडीलधारी मंडळी समाधानाने मान हलवतात. त्या मान हलवणाऱ्यांपैकी एकाच्या घरची ही हकीकत आहे. माझे यजमान ६८ वर्षांचे आहेत आणि त्यांनीच 'लिही' म्हटल्यामुळे मी लिहीत आहे.

सांगलीत आमची हळदीची अडत. हळकुंड मोडून आतला रंग पाहावा, क्षणभर नाकाशी धरावे आणि भाव मनाशी ठरवावा, यात त्यांची चाळीस वर्षे गेली. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर दुकान चिरंजीवांनी सांभाळले. अंथरुणावर आजोबांचा वेळ जावा म्हणून नातवाने त्यांच्या फोनमध्ये रंगीत गोळ्या जुळवण्याचा एक खेळ घालून दिला. तीन महिन्यांत गुडघा बरा झाला, खेळ मात्र राहिला.

या खेळाची रचना समजून घेतल्याखेरीज पुढचे कळणार नाही. खेळणाऱ्याला पाच 'जीव' मिळतात. डाव हरला की एक जीव जातो आणि तो भरून येण्यास अर्धा तास लागतो. वरवर पाहता ही मर्यादाच वाटते. पाच डाव हरले की माणूस आपोआप उठेल, असे मलाही वाटले होते. प्रत्यक्षात या अर्ध्या तासाने आमच्या घराचे घड्याळच ताब्यात घेतले. जेवताना, पाहुण्यांशी बोलताना, पहाटे तीन वाजता जाग आल्यावर, एक जीव भरला असेल ही जाणीव त्यांच्या मनात तेवत असे. खेळत नसतानाही ते खेळाची वाट पाहत असत. सामायिकाला ते नेमाने दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे, बसतात. शेजारच्या खोलीत ठेवलेला फोन मधेच 'टुण्' वाजे आणि मिटलेल्या पापण्या किंचित हलत. ते उठत नसत, पण कान तिकडे गेलेला असे.

दुसरी गोष्ट हरण्याची. बहुतेक डाव एका चालीने हुकतात, निदान तसे भासते. जिंकण्याचा क्षण केव्हा येईल हे ठरलेले नसते आणि तीच त्याची पकड असते. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग करून दाखवले होते की, दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसेल तर पक्षी चोच मारण्याचे थांबवत नाही. नेम असतो तेव्हा मात्र तो मधूनमधून विसावतो. मी हे त्यांना सांगितले, तेव्हा ते हसून म्हणाले, "अगं, कबुतराला पोट तरी आहे. मला यातून दाणाही मिळत नाही."

त्यांचा युक्तिवाद पक्का होता. सप्तव्यसनांत पहिला जुगार; पण यात पैसा लावलेला नाही. २०२५ साली केंद्र सरकारने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, तेव्हा वर्तमानपत्र माझ्यापुढे धरून ते म्हणाले, "पाहा, माझ्या खेळाचे नाव यात नाही." दारू नाही, हिंसा नाही, कोणाचे वाईट चिंतणे नाही, मग याला व्यसन का म्हणावे? डॉक्टर असलेल्या माझ्या भाच्याने यावर वाद घातला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आणि तिच्यात खेळाच्या आहारी जाण्याला विकार म्हणून स्थान मिळाले, एवढे त्याने सांगितले. निदान करताना किती तास खेळता हा मुख्य प्रश्न नसतो. थांबावेसे वाटले असता थांबता येते का, बाकीच्या गोष्टी खेळामागे जातात का, आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच राहते का, हे पाहिले जाते. "मामा, मी तुम्हाला रोगी ठरवत नाही. फक्त हे तीन प्रश्न तुम्ही स्वतःलाच विचारा," असे म्हणून तो चहा पिऊन गेला.

त्यानंतर चिरंजीवांनी एका रात्री फोनमधून खेळ काढून टाकला. सकाळी घरात जी शांतता होती ती अजून आठवते. चाळीस वर्षे ज्यांच्या शब्दावर शेतकरी माल सोडून जात, त्यांच्या उशाखालचा फोन मुलाने काढला होता. दुपारपर्यंत खेळ पुन्हा फोनमध्ये आला आणि आश्चर्य असे की, होता त्याच पायरीवर आला. काढून टाकला तरी या खेळांचा हिशेब दूर कोठेतरी जपून ठेवलेला असतो.

हिशेब हा शब्द मात्र त्यांच्या मनात राहिला असावा. दिवाळीच्या वहीपूजनातील एक कोरी लाल वही त्यांनी कपाटातून काढली आणि रोजमेळासारखी पाने आखली. फोन दिवसभरात किती वेळ कशासाठी वापरला हे फोनच सांगतो. तो आकडा रोज रात्री नावे बाजूला लिहायचा. पहिल्या रात्रीचा आकडा ६ तास ४० मिनिटे होता. त्यांचा विश्वास बसेना. फोन चुकतो आहे, असे म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी मनगटावरचे घड्याळ लावून मोजले. फोन बरोबर होता. जमा बाजूला काय लिहावे, यावर पेन बराच वेळ थांबले होते. त्या आठवड्यात ती बाजू कोरीच राहिली.

दशलक्षण पर्वात त्यांनी दहा दिवस खेळायचे नाही असे ठरवले आणि ते पाळले. पहिले तीन दिवस चिडचिड, मग झोप सुधारली, जेवताना बोलणे सुरू झाले. क्षमावाणी झाली आणि त्याच रात्री वहीत ७ तास १० मिनिटे लागले. घरात सगळ्यांचा धीर सुटला. चिरंजीव म्हणाले, "अण्णा, आता महाराजांसमोर जन्मभराचा नियम घ्या, म्हणजे प्रश्नच मिटेल." यांनी साफ नकार दिला. "माझ्याने मोडणार हे मला दिसते आहे. मोडणारा शब्द मी बाजारात दिला नाही, तिथे कसा देऊ?" मला यात हट्ट दिसला नाही, माणसाने आपला पाण्याचा ठाव घेतलेला दिसला.

वाट स्वाध्यायात सापडली. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचाराचे वाचन चालू होते. भोगोपभोग परिमाणाच्या प्रकरणात त्यागाचे दोन प्रकार येतात: जन्मभरासाठी धरलेला तो यम आणि ठरावीक काळापुरता तो नियम. हा भेद आम्ही दोघांनीही पूर्वी अनेकदा वाचलेला. पण त्या दिवशी ते पान उलटायला तयार होईनात. घरी येताना म्हणाले, "अगं, खेळवाला मला अर्धा अर्धा तास मोजून देतो. मग सोडणेही मोजून का घेऊ नये?"

त्या संध्याकाळपासून ते उद्याच्या मंदिरदर्शनापर्यंतचाच नियम घेऊ लागले. सकाळी दर्शन झाले की तो संपतो. मग हवे असल्यास पुन्हा घ्यायचा. पहिल्या महिन्यात अनेक सकाळी त्यांनी तो पुन्हा घेतला नाही आणि वहीत आकडे पडले, पण मोडलेला नियम एकही नव्हता. मला याचे मोल फार वाटते. मोडल्याची लाज वाटली की माणूस उरलेला दिवसही त्याच खड्ड्यात घालवतो. इथे लाजेला जागाच राहिली नाही. फोनचे आवाज त्यांनी स्वतःहून बंद करवून घेतले. दुपारचे दोन ते पाच हे तास सर्वांत कठीण होते, कारण दुकानाच्या दिवसांत तीच वेळ सौद्यांनंतरच्या पट्ट्यांची. चिरंजीवांनी मोठे शहाणपण केले: उपदेश थांबवून रोज दुपारी नव्या मालाचे नमुने कागदी पुड्यांत घरी पाठवायला सुरुवात केली. आजोबा हळकुंडे मोडतात, नातू शेजारी बसून प्रतवारी लिहितो. नातवाचे अक्षर वाईट आहे, यावरून दोघांची रोज भांडणे होतात. वहीच्या जमा बाजूला आता 'नमुने ११' अशा नोंदी दिसतात.

खेळ अजून फोनमध्ये आहे. तो काढू द्यायला ते तयार नाहीत आणि आम्हीही विचारत नाही. यम घेणार का, असे एका स्नेह्यांनी विचारले, तेव्हा त्यांनी उद्याच्या दर्शनाची वेळ सांगितली. गेल्या महिन्यात नावे बाजूला दोन दिवस आकडे आहेत: एकदा सव्वा तास, एकदा ४० मिनिटे. दुसरा आकडा त्यांच्या धाकट्या भावाला रुग्णालयात हलवले त्या रात्रीचा आहे.