एकदाच मोजलेला शब्द

अक्कलकुव्याहून परतताना आमच्याजवळ चिठ्ठ्यांचे काही गठ्ठे होते. प्रत्येक चिठ्ठीवर चार नोंदी : शब्द, त्याचा मराठी अर्थ, सांगणाऱ्याचे गाव आणि वय. सांगणारे देहवाली बोलणारे होते, पावरी बोलणारे होते; लिहून घेणारे आम्ही दोघे मराठीचे शिक्षक आणि आमचे विद्यार्थी. शब्दसंग्रह म्हणजे प्रत्येक शब्द एकदाच आणि वर्णानुक्रमे, अशी आमची सरळ समजूत होती.

संगणकशास्त्र शिकवणाऱ्या एका मित्राने हे काम जावा या भाषेत सोपे असल्याचे सांगितले. प्रत्येक चिठ्ठी हा एक ऑब्जेक्ट. त्यातील ‘शब्द’ तेवढा वेचायचा आणि ‘ट्रीसेट’ नावाच्या संचात टाकायचा. हा संच पुनरुक्ती स्वीकारत नाही आणि आलेले सारे क्रमाने लावून ठेवतो. 2014 साली आलेल्या आठव्या आवृत्तीपासून तर वेचणे, पुनरुक्ती गाळणे आणि क्रम लावणे एकाच ओळीत लिहिता येते. आम्ही हरखलो.

पहिली यादी आली तेव्हा अर्थाच्या रकान्यातील मराठीच वेडीवाकडी दिसली. ‘काळा’ हा ‘कावळा’च्या आधी बसला होता आणि ‘क्षमा’ ‘कौल’च्या पाठोपाठ आली होती. युनिकोडमध्ये ‘ळ’ची जागा ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये आहे. ‘क्ष’ हे तेथे स्वतंत्र अक्षर नसून क, हलन्त आणि ष असे त्रिकूट आहे. आपण वर्णमालेच्या शेवटी जपून ठेवलेली अक्षरे यंत्राला ठाऊक नव्हती. त्यावर उपाय होता. दोन शब्दांत आधी कोणता हे ठरवणारा ‘कंपॅरेटर’ आपल्याला हवा तसा लिहिता येतो.

आमची चूक झाली ती येथे. विद्यार्थ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ एकसारखे नव्हते, अनुस्वारही कुणी दिले होते, कुणी नव्हते. तेव्हा तुलना करताना हे भेद मोजूच नयेत, असा नियम आम्ही घातला. यादी एकदम आटोपशीर झाली. त्या आटोपशीरपणाचे आम्हाला समाधान वाटले, हे कबूल केले पाहिजे.

मग एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, आमच्या गावचे शब्द कुठे गेले?”

ती मोलगीच्या वरच्या अंगाच्या डोंगरातली. शोधल्यावर उलगडा झाला. कंपॅरेटरने दोन शब्द समान ठरवले की ट्रीसेट आधी आलेला ठेवतो आणि नंतरचा मुकाट्याने नाकारतो. ना सूचना, ना तक्रार. आम्ही प्रथम टंकलेले गठ्ठे अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यालगतच्या गावांचे होते, कारण तेथे जाणे सोपे होते. डोंगरातले गठ्ठे मागाहून आले. रस्त्याकडचे रूप ‘शब्द’ ठरले आणि डोंगरातले रूप ‘पुनरुक्ती’. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘मास’ आणि ‘मांस’ असे कुणी एक केले असते तर आम्ही वर्गात केवढा गहजब केला असता! दुसऱ्याच्या भाषेत मात्र तो भेद आम्हाला लेखनाची चूक वाटला.

हा दोष आमच्याच पदरी आहे, असे म्हणून गप्प बसता आले असते. पण 2011च्या जनगणनेचे भाषाविषयक आकडे पुढे आले. लोकांनी सांगितलेल्या मातृभाषांची कच्ची नावे 19,569 होती. छाननीनंतर 1,369 मातृभाषा उरल्या. आणखी 1,474 नावे अवर्गीकृत राहिली. आणि दहा हजारांहून अधिक भाषक असलेल्या भाषा ठरल्या 121. पावरी, मावची, वसावा ही नावे त्या तक्त्यात ‘भिली/भिलोडी’ या मथळ्याखाली आहेत. तिथेही कुणीतरी कंपॅरेटर लिहिलाच होता. गणना करायची तर तो लिहावाच लागतो. प्रश्न एवढाच की समान कशाला म्हणायचे हे ठरवताना बोलणारा त्या खोलीत असतो का.

आम्ही संच सोडला आणि ‘ट्रीमॅप’ घेतला. त्यात शब्द क्रमाने आणि एकदाच येतो, पण त्याच्यापुढे तो सांगणाऱ्या साऱ्या गावांची यादी राहते. ऱ्हस्व-दीर्घाचे भेद आम्ही परत मोजू लागलो. खरी लेखनचूक कोणती, हे त्या विद्यार्थिनीने आपल्या आजीपुढे बसून, एकेक शब्द वाचून ठरवले. यादी लांबली, काम वर्षभर रेंगाळले.

‘याहा’, म्हणजे आई, हा शब्द अनेक चिठ्ठ्यांवर होता. पहिल्या यादीत तो एका ओळीत संपला होता. आताही तो एकदाच येतो. पण त्याच्यापुढची गावांची नावे पानाच्या कडेपर्यंत जातात आणि खालच्या ओळीवर उतरतात.