भांग, पाळी आणि टँकरचं पाणी

आपल्याकडे बाईच्या केसांवर बोलायचा हक्क सगळ्यांना असतो. शेजारच्या काकू, पार्लरवाली, लग्नात दहा वर्षांनी भेटलेली मावशी... 'अगं, किती गेले तुझे केस!' हे कुणीही, कुठेही, मोठ्या आवाजात म्हणू शकतं. पाळीचं तसं नाही. ती काळ्या पिशवीतून, कुजबुजत येते. आणि आली नाही तर कुणाला पत्ताही लागत नाही!

माझी दोन-दोन महिने यायची नाही. त्यावर पाच वर्षांत कुणी चकार शब्द काढला नव्हता. आईला माहीत होतं, पण 'मावशीचंही असंच होतं, लग्नानंतर सगळं नीट झालं' या एका वाक्यात तो विषय मिटला होता. भांग मात्र बोटभर रुंद झाला आणि घरात आणीबाणी जाहीर झाली. वय २९, स्थळं बघणं चालू, आणि भांगातून चक्क डोकं दिसतंय!

पहिला संशयित होता वाकडचं टँकरचं पाणी. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या कुठल्याही मुलीला विचारा, तिचे केस टँकरमुळेच गेलेले असतात. मग माका झाला, जास्वंद झाली, कांद्याचा रस झाला (ऑफिसात शेजारचा खुर्ची सरकवून बसायचा). मैत्रिणीने बायोटिनच्या गोळ्या दिल्या. जड पाण्याने केस राठ होतात, तुटतात, हे खरं. पण तुटलेल्या केसाने भांग रुंद होत नाही, हे आम्हाला त्वचारोगतज्ज्ञ मॅडमनी सांगितलं.

त्यांचा पहिला प्रश्न केसांचा नव्हताच. 'पाळी कधी आली होती?' मी मोबाइलमध्ये तारीख शोधायला लागले. मग वजन. मग घरात डायबिटीस कुणाला. मग हनुवटीवर थ्रेडिंग करावं लागतं का. मी केस नाहीत म्हणून गेले होते आणि बाई जास्तीच्या केसांची चौकशी करत होत्या!

मग त्यांनी डोक्यावर भिंगाचा छोटा कॅमेरा फिरवला. स्क्रीनवर एक जाड केस, त्याच्या शेजारी बारीक, पलीकडे नुसती लव. म्हणजे केस फक्त गळत नव्हते, प्रत्येक फेरीत आधीपेक्षा बारीक उगवत होते. टेस्टोस्टेरॉन बायकांच्याही शरीरात असतं. एक एन्झाइम त्यापासून डीएचटी नावाचं जास्त जहाल हार्मोन बनवतं. काही जणींच्या टाळूवरच्या मुळांना ते सोसत नाही. मुळं आकसतात, केसाची वाढायची मुदत कमी होत जाते. आणि गंमत अशी, की हेच हार्मोन हनुवटीवर मात्र केस जाड करतं. पुरुषांचं कपाळ वर सरकतं, आपली पुढची रेघ बहुतेक वेळा शाबूत राहते आणि भांग पसरतो.

सगळीच केसगळती अशी नसते बरं का. डेंग्यू, टायफॉइड, कोविड किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी झुबकेच्या झुबके येतात. ते बहुतेक परत उगवतात. थायरॉइडने जातात, लोह कमी पडलं तरी जातात. म्हणून रक्त तपासायचं. आणि त्याआधी काही दिवस बायोटिन बंद, कारण त्याने थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. अमेरिकेच्या एफडीएने २०१७मध्ये तसा इशाराच दिला होता. मैत्रिणीला मी हे लगेच कळवलं!

माझा थायरॉइड ठीक निघाला. फेरिटिन कमी, टेस्टोस्टेरॉन जास्त. निदान पीसीओएस. आणि एचबीएवनसी ५.९! ५.७ ते ६.४ म्हणजे डायबिटीसच्या उंबरठ्यावर. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून ते आणखी बनवतं. ते जादा इन्सुलिन बीजकोषांना टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं. पाळी लांबते, वजन चढतं, भांग पसरतो. मॅडम म्हणाल्या, 'केसांचं बघू आपण. पण महिनोन्‌महिने पाळी आली नाही, तर गर्भाशयाचा आतला थर साठत जातो. वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर कॅन्सरचा धोका वाढतो.' आई एकदम गप्प झाली.

औषधांची कथा मजेशीर आहे. मिनॉक्सिडिल मुळात ब्लडप्रेशरची गोळी. पेशंटना भलतीकडे केस यायला लागले, म्हणून त्याचं लोशन झालं. अमेरिकेत ते १९८८मध्ये मंजूर झालं. स्पायरोनोलॅक्टोन, तेही ब्लडप्रेशरचं. माझं प्रेशर अगदी उत्तम आहे! ऑफिसातल्या टकलू मित्राला मिळणारं फिनास्टेराइड मला मिळालं नाही, कारण गर्भारपणात ते पोटातल्या मुलग्याच्या वाढीला बाधू शकतं. स्पायरोनोलॅक्टोनचीही तीच भीती, त्यामुळे मॅडमनी सरळ विचारलं, 'गर्भनिरोधक काही वापरता?' आई भिंतीवरचं लेसरचं पोस्टर फार बारकाईने वाचायला लागली.

लोशन लावल्यावर सुरुवातीचे काही आठवडे केस आणखी गळतात. जुने केस जागा सोडतात, तेव्हा नवे येतात. हे आधी माहीत नसेल तर बाटली खिडकीबाहेर जाते. फरक दिसायला चार ते सहा महिने, आणि थांबवलं की मिळवलेलं हळूहळू परत जातं. म्हणजे हे लोशन म्हणजे लग्नच!

लग्नावरून आठवलं. मार्चमध्ये बाणेरच्या एका कॅफेत एका मुलाला भेटले. चांगला होता. त्याला पीसीओएस आहे म्हणून सांगून टाकलं. 'म्हणजे... मुलं?' त्याने विचारलं. मी म्हटलं, बऱ्याच जणींना होतात, काहींना औषधाची मदत लागते. तो 'घरी बोलून सांगतो' म्हणाला. अजून बोलतोय बहुतेक. आई चिडली, 'पहिल्याच भेटीत सांगायची काय गरज होती?' मी म्हटलं, भांग त्याला दिसतच होता, उरलेलंही कळू दे की.

आता नऊ महिने झालेत. भांग पहिल्यासारखा झालेला नाही, पण पसरायचा थांबलाय, कडेला आखूड केस उभे राहतात. वजन पाच किलोंनी उतरलं. पाळी ३५-४० दिवसांवर आलीय.

मागच्या रविवारी साताऱ्याहून फोन आला. फोन स्पीकरवर, मागे बाबांच्या बातम्या. आईने विचारलं, 'आली का गं?' टीव्हीचा आवाज एकदम कमी झाला. 'आली,' मी म्हटलं. 'बरं,' ती म्हणाली, आणि कॅलेंडरवर लिहायला पेन सापडेना म्हणून बाबांनाच ओरडली.