मांड्याची घडी

डोकं या अवयवाशी माझा संबंध तसा वरवरचाच. महिन्यातून एकदा ते न्हाव्यापुढे वाकवायचं, वैशाखात रुमालाने झाकायचं आणि "डोकं ठिकाणावर आहे ना?" असं सौभाग्यवतींनी विचारलं की होकारार्थी हलवायचं, एवढाच. आत काय चाललंय याची चौकशी मी कधी केली नाही. भाडेकरू मुकाट्याने भाडं देत असला की घरमालक आत डोकावत नाही, त्यातलाच प्रकार.

नाही म्हणायला, शाळेत असताना शास्त्राच्या मास्तरांनी खाटकाकडून बोकडाचा मेंदू आणून बशीत ठेवला होता. "बघा, घड्या बघा!" मास्तर म्हणाले. मागच्या बाकावरून "सर, तळणार कधी?" असा प्रश्न आला आणि तास तिथेच संपला. (प्रश्नकर्त्याने पुढे खानावळ काढली. चांगली चालते.) घड्या मात्र लक्षात राहिल्या. त्या समजायला खानदेशी माणसाला आकृती लागत नाही. आमच्याकडे उपड्या खापरावर पुरणाचे मांडे भाजतात. हातावर फिरवून फिरवून पातळ केलेला तो ऐसपैस मांडा भाजून झाला की घडी घालून डब्यात जातो. मेंदूवरचं साल असंच. जाडी दोन-चार मिलिमीटर, आणि माणसाचं पसरलं तर भरतं दोन हजार चौरस सेंटिमीटरच्या आसपास. कवटीत मावेना, म्हणून घडी. उंदराचं साल मुळातच एवढंसं, त्याला घडी लागत नाही. पण उंदीर, बोकड आणि आमचे ब्रँच मॅनेजर या सगळ्यांच्या सालाला पदर मात्र सहाच. हा सहापदरी माल फक्त सस्तन प्राण्यांच्या दुकानात मिळतो. पालीकडे, बेडकाकडे नाही.

हे सगळं ज्ञान मला झालं ते २०११ सालच्या मे महिन्यात. रात्री धुळ्याहून आईचा फोन आला. "अण्णांचा उजवा हात उचलत नाही. अन् बोलतच नाहीयेत रे."

जळगाव ते धुळे हा रस्ता मी शेकडो वेळा एसटीने केलाय. एरंडोल आलं की चहा, पारोळा आलं की डुलकी. त्या रात्री दोन्ही गावं कधी गेली कळलं नाही.

अण्णा मराठीचे शिक्षक. जन्म साक्री तालुक्यातल्या खेड्यात, घरात बोली अहिराणी. पण धुळ्याला नोकरी लागल्या दिवशी त्यांनी अहिराणीला जी घराबाहेर काढली, ती चाळीस वर्षं उंबऱ्यात पाऊल टाकू दिलं नाही. आईसुद्धा लग्न होऊन आली ती पुस्तकातलं बोलायला शिकली. असोद्याच्या बहिणाबाईंची कविता वर्गात शिकवताना अण्णांचे डोळे भरून यायचे. 'बोलीचं सौंदर्य' यावर ते पाऊण तास बोलायचे. आणि मधल्या सुट्टीत एखादा पोरगा "सर, पानी पेवाले जाऊ?" म्हणाला, की त्याच्या हातावर छडी पडायची.

डॉक्टरांनी फोटो दाखवला. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी तुंबली होती. डावा मेंदू उजवं अंग चालवतो, आणि बहुतेकांची वाचाही डावीकडेच असते. १८६१ साली पॅरिसमध्ये ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी हे दाखवून दिलं. त्यांचा एक रोगी फक्त 'तान' एवढंच बोलायचा. तो गेल्यावर मेंदू पाहिला, तर पुढच्या भागात डावीकडे इजा होती. मी मनात म्हटलं, आमच्या अण्णांनी निदान 'तान' तरी म्हणावं.

चौथ्या दिवशी अण्णा बोलले. भराभर बोलले. डॉक्टर पुण्याकडचे, तरुण. त्यांनी ऐकून घेतलं आणि कागदावर लिहिलं, 'असंबद्ध बडबड'. खोलीत फरशी पुसणारा वॉर्डबॉय थांबला. म्हणाला, "सायेब, असंबद्ध काय नाही. ते इचारताहेत, हाऊ डॉक्टर कितला पैसा लेस?"

अण्णा शुद्ध अहिराणी बोलत होते!

त्या दिवसापासून वॉर्डबॉयचं वजन वाढलं. तो दुभाषा, मी बघ्या. डॉक्टर प्रश्न विचारणार, तो उलटा करून सांगणार, अण्णा हसणार, तो हसणार आणि मग आईही हसणार. आईला येत होती ना! चाळीस वर्षं ट्रंकेत ठेवलेलं लुगडं काढावं तशी तिने ती काढली आणि पलंगाजवळ बसून दोघं तासन्‌तास गप्पा मारू लागली. मी मध्ये काही बोललो की अण्णा माझ्याकडे पाहायचे. बँकेत परगावचा माणूस चेक घेऊन आला की आम्ही पाहतो, तसे.

मी डॉक्टरांना माझा सिद्धान्त सांगितला. मेंदू म्हणजे तीन मजली घर, खाली सरडा, मधे बोकड, वर माणूस. अहिराणी तळमजल्यावर असणार, म्हणून वाचली. डॉक्टर म्हणाले, "छे हो. हे मजले आता शास्त्रज्ञ मानत नाहीत. जुने भागही बदलत आलेत. आणि दोन भाषा मेंदूत बऱ्याचशा एकाच आळीत राहतात." मग अहिराणीच का? तर एकोणिसाव्या शतकात रिबो नावाचा फ्रेंच पंडित म्हणून गेला की आधी शिकलेलं जास्त टिकतं. पुढे १८९५ साली पित्र म्हणाला, छे, रोजच्या वापरातली भाषा आधी परत येते. दोघांचेही नियम काही रोग्यांना लागू पडतात, काहींना नाही. पित्रच्या हिशेबाने अण्णांची छापील मराठी पहिली यायला हवी होती. अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदाच परीक्षकाचं ऐकलं नाही.

मेंदूचं वजन जेमतेम सव्वा-दीड किलो, शरीराच्या दोन टक्के. पण खातो वीस टक्के. घरात बसून एवढं खाणारा दुसरा कुणी असता, तर आईने केव्हाच बोलून दाखवलं असतं. आता ती अण्णांना भरवायची, "जेव, जेव" म्हणत. त्यांना एकेरी हाक मारताना मी तिला पहिल्यांदाच ऐकत होतो.

मी पन्नाशीला दोनशे पानी वही घेतली. वॉर्डबॉयकडून सुरुवात केली, पुढे आई. इथे म्हणजे आठे, आता म्हणजे आते, 'ळ'चा 'य' होतो. दर शनिवारी धुळ्याला जायचं आणि धडा म्हणून दाखवायचा. अण्णांची मराठी हळूहळू परतत होती, एकेक शब्द, दमलेल्या पाहुण्यासारखी. पण मला बोलायचं होतं ते चार दिवसांच्या त्या बडबडीशी.

एका रविवारी निघताना मी वहीत वाक्य लिहून त्यांच्यापुढे धरलं. 'मी आता जळगावला जातस.' अण्णांनी बराच वेळ पाहिलं. मग डाव्या हाताने उशाशी चाचपलं. आईला कळलं. तिने लाल पेन दिला.

डावा हात थरथरत होता. 'आता' खोडून त्यांनी 'आते' केलं, 'जळगावला'चं 'जयगावले', 'जातस'चं 'जास'. तीन चुका मोजल्या. दहापैकी चार मार्क दिले आणि पलंगाच्या कडेवर हात आपटून म्हणाले, "बठ आठे."

पाचची एसटी गेली. मी सातची धरली.