वसईच्या किल्ल्यांतील एक धडा

गेल्या माघांत वसईस जाण्याचा योग आला. बरोबर पुतण्या होता. लग्नकार्यांतील छायाचित्रें काढण्यावर त्याचा चरितार्थ चालतो. पस्तीस वर्षें मुलें शिकविल्यामुळें ‘यंत्राची कळ दाबणें ही का विद्या?’ असा माझा ग्रह होता. त्यावरून आम्हां दोघांत पूर्वीं बरेंच वाजलेंही होतें.

सूर्योदयाच्या सुमारास आम्ही किल्ल्यांत शिरलों. १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीअप्पांनीं हा किल्ला सर केला, हें मी सांगूं लागलों. तो मात्र सेंट जोसेफच्या भग्न मनोऱ्याकडे पाहत स्वस्थ उभा!

“काका, ऊन अजून भिंतीवर यावयाचें आहे.”

थोड्या वेळानें तिरपीं किरणें चिऱ्यांवर पडलीं आणि एकेक खांच उठून दिसूं लागली. तेव्हां त्यानें एकच चित्र घेतलें. “पहिल्या वर्षीं मी शंभर काढीत असें,” तो हंसून म्हणाला.

तेथून जवळच्या पाचूबंदरास गेलों. बांबूंवर बोंबील वाळत घालणाऱ्या एका कोळिणीनें यंत्र पाहतांच तोंडावर पदर ओढला. त्यानें यंत्र पिशवींत ठेवलें व “मावशी, यंदा मासळी कशी आहे?” म्हणून गोष्टी आरंभिल्या. अर्ध्या तासानें तीच म्हणाली, “आतां काढ रे पोरा.”

मला दादासाहेब फाळक्यांचें स्मरण झालें. १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ निर्माण करण्यापूर्वीं त्यांनींही गुजरातेंत छायाचित्रणाचा धंदा केला होता; परंतु हें यंत्र माणसाची प्राणशक्ति शोषून घेतें, या लोकभ्रमाचा त्यांस उपद्रव झाला. यंत्रविद्या अवगत झाली तरी माणसाचा विश्वास निराळा मिळवावा लागतो, हेंच खरें.

परततांना तो हळूच म्हणाला, “एका लग्नांत मी दिव्याची मांडणी करीत बसलों, तेवढ्यांत वधूचा पिता दाराआड डोळे पुसून गेला. पुढल्या वर्षीं ते गृहस्थ वारले. तें चित्र आतां कोठून आणूं?”

मीं विचारलें, “दादांचें चित्र काढलेंस का रे कधीं?”

त्यानें मान खालीं घातली. दादा म्हणजे माझे वडील बंधु, त्याचे तीर्थरूप. वय वर्षें ८१.

दुसरे दिवशीं सकाळीं दादांस ओटीवर बसविलें, आणि अंगणांत ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघे काका-पुतणे मुकाट्यानें वाट पाहत उभे राहिलों.