कोरडी परीक्षा

‘कोरडा’ या शब्दाला आपल्या भाषेत फारशी प्रतिष्ठा नाही. कोरडी भाकरी, कोरडा उपदेश, कोरडी सहानुभूती, कोरडा पाषाण! हा शब्द जिथे जातो तिथे काहीतरी उणे असल्याची वर्दी देतच जातो. म्हणूनच काही महिन्यांपूर्वी मेलबर्नला भाच्याकडे गेलो असता तो जेवता जेवता म्हणाला, “मामा, आज रात्री माझी वाट पाहू नका. बोगद्यातल्या फवाऱ्यांची कोरडी परीक्षा आहे,” तेव्हा मला हसू आवरेना.

“आगीवर पाणी मारणाऱ्या फवाऱ्यांची परीक्षा, आणि तीही पाण्याशिवाय? म्हणजे गवयाने तोंड न उघडता पास व्हायचे म्हणेनास!”

सूनबाई हसली. आमची ही हसली. नंदू मात्र हसला नाही. “उद्या दाखवतो,” एवढेच म्हणून तो पानावरून उठला.

दुसऱ्या दिवशी त्याने मला मोटारीत घातले आणि बर्नली बोगद्यातून नेले. हा बोगदा यारा नदीच्या खालून जातो. लांबी जवळजवळ साडेतीन किलोमीटर. नंदूचा बोगदा दुसरा, पण व्यवस्था साधारण अशीच. “पुढे नका बघू, वर बघा,” तो म्हणाला. वर छताखाली नळ्यांचे जाळे होते आणि त्यांना ठिकठिकाणी लहान लहान तोंडे.

“या नळ्यांत आत्ता पाणी नाही. पाणी अडवून ठेवलंय बाजूच्या व्हॉल्व्हपाशी. बोगद्याचे तीस-तीस मीटरांचे तुकडे कल्पायचे आणि प्रत्येक तुकड्याला एक व्हॉल्व्ह. आग दिसली की नियंत्रण कक्षातला माणूस त्या तुकड्याचा व्हॉल्व्ह उघडतो आणि तेवढ्याच जागी पाऊस पडतो.”

“किती पाऊस?”

“मिनिटाला दहा मिलिमीटर धरा.”

मी जन्मभर हिशेबखात्यात काढलेला माणूस. मनातल्या मनात गुणाकार केला. तीस मीटर लांब, दहा मीटर रुंद रस्ता. म्हणजे मिनिटाला तीन हजार लिटर. आमच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी वीस सेकंदांत कोरडी!

याच बर्नली बोगद्यात २३ मार्च २००७ रोजी मालमोटारींची आणि गाड्यांची टक्कर होऊन आग लागली होती. त्या अपघातात तीन माणसे गेली. पण काही मिनिटांतच फवारे सुरू झाले, आग पसरू शकली नाही, आणि शेकडो माणसे चालत बाहेर आली. त्याच्या आठच वर्षे आधी, २४ मार्च १९९९ ला, फ्रान्स आणि इटली यांना जोडणाऱ्या माँ ब्लाँ बोगद्यात एक मालमोटार पेटली. तिच्यात दारूगोळा नव्हता. होते पीठ आणि मार्गारीन, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातलाच जिन्नस. त्या बोगद्यात छतावरून पाणी सोडण्याची सोय नव्हती. आग त्रेपन्न तास धुमसली, एकोणचाळीस माणसे दगावली, आणि बोगदा पुढे तीन वर्षे बंद राहिला. दोन्ही आगी सारख्या होत्या असे नव्हे. पण वेळेवर पडलेल्या पाण्याची किंमत कळायला एवढे पुरे.

“मग एवढं मोलाचं पाणी परीक्षेत का सोडत नाही?” मी विचारले.

नंदूने कारणे सांगितली. पाणी सोडायचे तर बोगदा बंद हवा, आणि शहर रात्रीचे चार तास देते तेही उपकार केल्यासारखे. छतावरची काजळी आणि रस्त्यावरचे तेल घेऊन ते पाणी वाहणार. ते तसेच नदीत सोडता येत नाही. दिवे, पंखे, कॅमेरे भिजणार. नळ्यांत ओल राहून गंज धरणार. दर खेपेला प्रत्येक तुकड्यावर पाणी सोडायचे म्हटले तर परीक्षेनेच विद्यार्थी आजारी पडायचा.

म्हणून कोरडी परीक्षा. मुख्य व्हॉल्व्हच्या पुढे आणखी एक व्हॉल्व्ह असतो. तो आधी बंद करायचा. मग नियंत्रण कक्षातून आग लागल्यासारखाच हुकूम सोडायचा. मुख्य व्हॉल्व्ह उघडतो, पाणी दोन पावले पुढे येते आणि बंद दाराशी थबकते. तिथून बारीक नळीवाटे त्याला गटारात काढून देतात. किती सेकंदांत उघडला, दाब किती होता, सगळे टिपून घेतात. मग वरच्या कोरड्या नळ्यांत हवा सोडायची आणि प्रत्येक तोंडाशी फीत धरायची. फीत फडफडली म्हणजे तोंड मोकळे; नाही फडफडली तर आत गंजाचा खडा नाहीतर कोळ्याचे घर.

“पण हवा गेली म्हणजे पाणी नीट पडेलच असं कुठं आहे?”

“नाहीच. म्हणून अधूनमधून, ठरवून, थोड्या तुकड्यांवर खरं पाणी सोडतोच. आणि कोरड्या परीक्षेच्या कागदावर काय तपासलं त्याच्याखाली काय तपासलं नाही तेही लिहितो.” तो जरा थांबला. “पण मामा, या परीक्षेत सगळ्यांत अवघड काय माहीत आहे? शेवटची पायरी. बंद केलेला तो दुसरा व्हॉल्व्ह पुन्हा उघडणं. तो विसरला तर परीक्षा पास, आणि फवारा मेलेला!”

मी एकदम गप्प झालो. बोगदा संपून उजेड आला तरी माझ्या तोंडून शब्द फुटेना.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यातल्या आमच्या सोसायटीचा मी चिटणीस होतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री कुणाचा तरी बाण तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या बाल्कनीत शिरला. तिथे जुन्या गाद्या होत्या. बघता बघता पडदे पेटले. पोरांनी जिन्यातली लाल पेटी फोडली, नळी धावत वर नेली, चाक फिरवले. नळीतून फुस्स करून हवा आली आणि संपले. पाण्याचा थेंब नाही! शेवटी जिन्यात रांग करून बादल्या चढवल्या, ओल्या चादरीत गुंडाळून काकूंना खाली आणले. मग बंब आला. काकू वाचल्या, पण धुराने धरलेला खोकला सुटला नाही आणि त्या पुन्हा त्या घरात राहायला आल्या नाहीत. लेकीकडे गेल्या त्या गेल्याच.

दुसऱ्या दिवशी कळले, पंपाजवळचा मोठा व्हॉल्व्ह बंद होता. महिन्यापूर्वी तपासणीला आलेल्या माणसाने तो बंद करून पंप चालवून पाहिला, पंप उत्तम चालला, आणि व्हॉल्व्ह तसाच राहिला. नोंदवहीत ‘सर्व ठीक’ असा शेरा, आणि खाली सही माझी. मी खाली उतरलोदेखील नव्हतो. वही वर आली, चहाचा कप एका हातात होता, दुसऱ्या हाताने सही केली. सगळ्यांनी त्या माणसाला शिव्या घातल्या. मीही घातल्या.

ही सहीची गोष्ट मी हिच्याखेरीज कुणाला सांगितली नव्हती. त्या दिवशी मोटारीत नंदूला सांगितली.

त्याने मला दोषही दिला नाही आणि धीरही दिला नाही. म्हणाला, “मामा, आमच्याकडेही माणसंच असतात. म्हणून तर त्या व्हॉल्व्हला साखळी-कुलूप, तो बंद असला तर नियंत्रण कक्षात दिवा, आणि एकानं उघडला की दुसऱ्यानं जाऊन हात लावून बघायचं. विसरणार हे धरूनच चालायचं.”

परत आल्यावर मी सोसायटीच्या सभेत उभा राहून ते काम मागून घेतले. या वयात कशाला, असे सगळे म्हणाले. कारण मी सांगितले. सभेत बराच वेळ कुणी बोलले नाही.

परवा, वसुबारसेच्या सकाळी, पंपाच्या खोलीत उतरलो. बरोबर तळमजल्यावरचा मुलगा होता. मी चाक फिरवून पाहिले, मग त्याला पाहायला लावले. वही उघडली. ‘सर्व ठीक’ लिहायला हात सवयीने पुढे झालाच होता. तो आवरला आणि लिहिले: ‘पंप चालवून पाहिला. मोठा व्हॉल्व्ह उघडा आहे. दोघांनी हात लावून पाहिला. नळीतून पाणी सोडून पाहिलेले नाही. ते पाडव्याच्या आत पाहायचे आहे.’

खाली दोन सह्या केल्या, एक माझी आणि एक त्या मुलाची. चहा नंतर घेतला.