वडाखालची हवाईयन गिटार

"अहो, हा तर आपला डोशाचा तवा!" ही माझ्या कानाशी कुजबुजली.

होनोलुलूच्या समुद्रकाठी एका उपाहारगृहाच्या अंगणात आम्ही बसलो होतो. समोरच्या बुटक्या मंचावर सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ येऊन बसले. अंगात फुलाफुलांचा सदरा, गळ्यात फुलांची माळ. त्यांनी जुन्या टॉवेलात गुंडाळलेली एक वस्तू बाहेर काढली आणि मांडीवर आडवी ठेवली. वाटोळे चपटे अंग, त्याला लांब दांडा, आणि धातू चक्क आपल्या स्वयंपाकघरातले जर्मन, म्हणजे ॲल्युमिनियम. वर सहा तारा नसत्या, तर मीही तवाच म्हटले असते.

हिचे फारसे चुकले नव्हते. रिकनबॅकरच्या या गिटारीला सारे जग 'फ्राइंग पॅन' याच नावाने ओळखते. जॉर्ज बीचम या वादकाच्या डोक्यातून निघालेला तिचा पहिला लाकडी नमुना १९३१ साली लॉस एंजेलिसला तयार झाला, आणि १९३२ पासून ॲल्युमिनियमच्या ओतीव गिटारी विक्रीला आल्या. विजेची गिटार म्हणजे केस वाढवून नाचणाऱ्या तरुणांचे वाद्य, अशी आपली समजूत. पण बाजारात खऱ्या अर्थाने जम बसवणारी पहिली विजेची गिटार ही अशी मांडीवर निजवून वाजवायची हवाईयन गिटार होती!

आमची कन्या आणि जावईबापू नोकरीनिमित्त होनोलुलूला असतात. गेल्या मे महिन्यात त्यांनी आम्हांला बोलावून घेतले. तिथले घड्याळ आपल्या साडेपंधरा तास मागे. त्यामुळे पहिले चार दिवस मी मध्यरात्री चहा मागत होतो आणि भर दुपारी घोरत होतो. पाचव्या दिवशी लेकीने विचारले, "बाबा, काय पाहायचंय तुम्हांला? ज्वालामुखी? पर्ल हार्बर?"

मी म्हणालो, "मला ती गिटार ऐकायची आहे."

त्याला कारण माझे मामा. गिरगावातल्या चाळीत १९६० च्या सुमारास मामांकडे कलकत्त्याहून आणलेली एक हवाईयन गिटार होती. गणेशोत्सवात मामा धोतराचा सोगा सावरून खुर्चीत बसत, गिटार मांडीवर घेत, डाव्या हातात पोलादी कांडी धरत आणि उजव्या हाताच्या बोटांत नख्या चढवत. मग सिनेमातली गाणी अशी काही वाजवत की शब्दांवाचून शब्द ऐकू येत. त्या काळी वॅन शिपली आणि हझारा सिंग यांच्या विजेच्या गिटारीच्या तबकड्या घराघरांतून वाजत. आमच्या चाळीला मात्र मामा पुरेसे होते. मामा गेले, गिटार आमच्याकडे आली आणि जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर चढली. "मामांची आठवण आहे, कुणी हात लावायचा नाही," असा माझा दंडक. शेजारच्या बिऱ्हाडातला मुलगा गिटार शिकतो. त्याने दोन वर्षांपूर्वी गणपतीत वाजवायला ती मागितली, तेव्हा मी स्पष्ट नाही म्हटले होते. पोरगा काही न बोलता निघून गेला होता.

जावईबापूंनी प्रथम नेले ते वाइकीकीच्या मोआना हॉटेलात. १९०१ साली उघडलेली ही पांढरीशुभ्र इमारत. तिच्या अंगणात शिरलो आणि पाऊल थबकले. समोर वड! पारंब्या सोडून ऐसपैस पसरलेला, अगदी आपला. चौकशी केली तर तो खरोखरच भारतीय वड निघाला, १९०४ साली लावलेला. हिने नकळत पदर सावरून हात जोडले. याच वडाखालून १९३५ पासून 'हवाई कॉल्स' हा रेडिओचा कार्यक्रम जगभर जाई. चाळीस वर्षे तो चालला. ज्युल्स आ सी, बार्नी आयझॅक्स अशा नामवंतांच्या गिटारी त्यात ऐकू येत, आणि मागे लाटांचा आवाज. आमच्या मामांच्या वाद्याचे आजोळ वडाच्या सावलीत निघावे, याची मला फार मौज वाटली.

दुसऱ्या दिवशी मोटारीने तासाभरावरच्या लाये गावी गेलो. एका हाताला हिरवे कडे, दुसऱ्या हाताला निळा समुद्र. कोकणातल्या माणसाला घरची आठवण यावी असा रस्ता. या गावी १८७४ साली जोसेफ केकुकू जन्मला. शाळकरी वयात रुळांवरून चालताना त्याने एक बोल्ट उचलला, तो गिटारीच्या तारांना लागला आणि तारेतून विव्हळता सूर निघाला, अशी आख्यायिका आहे. पुढे कंगवा, चाकूची पाठ असे प्रयोग करत त्याने शाळेच्या कर्मशाळेत पोलादाची गुळगुळीत कांडी घडवली. १९०४ साली तो अमेरिकेला गेला, मग युरोप फिरला आणि हे वादन जगाला देऊन १९३२ साली परमुलखातच वारला. त्याच्याआधी होनोलुलूत गॅब्रिएल डेव्हियन नावाचा, हिंदुस्थानात जन्मलेला एक तरुण तारेवर काहीतरी घासून गिटार वाजवी, असेही सांगतात. खरेखोटे इतिहासकार जाणोत! पण आपल्या विचित्रवीणेत आणि गोटुवाद्यमात हीच युक्ती आहे. पडदे मधे आले की सूर पायऱ्या उतरतो. तारेवर कांडी फिरली की तो घसरगुंडीवरून येतो. म्हणून तर या वाद्यात आपली मींड इतकी सहज उतरते.

याच लायेचे ताऊ मो. गिटार घेऊन बायकामुलांसह पन्नासाहून अधिक वर्षे ते देशोदेशी हिंडले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांचा मुक्काम कलकत्त्यात होता, आणि तिथल्या कितीतरी जणांना या वाद्याचे वेड लागले ते त्यांच्यामुळे. म्हातारपणी ते लायेला परतले आणि २००४ साली वारले. लाये ते कलकत्ता आणि कलकत्ता ते गिरगावची चाळ, हा धागा मला त्या रस्त्यावर बसल्या जागी सापडला.

आणि मग ती संध्याकाळ. म्हाताऱ्यांनी पोलादी कांडी तारेवर टेकवली, अंगठा फिरवला, आणि अंगणातल्या काट्याचमच्यांचा आवाज थांबला. तो सूर गोड होताच, पण त्याच्या कडेला किंचित खरखर होती, जुन्या गवयाच्या आवाजात असते तशी. तिसऱ्या गाण्यात सूर्य बुडू लागला, समुद्रावरून गार वारा सुटला आणि तारा उतरल्या. माझ्याही कानाला बेसूर लागले. म्हाताऱ्यांनी मात्र गाणे थांबवले नाही. कांडी केसभर पुढे सरकवून त्यांनी सूर सांभाळला, आणि जिथे मोकळी तार छेडायची तिथे ती छेडणेच टाळले. गाणे संपल्यावर हसून खुंट्या पिळल्या आणि पुन्हा सुरुवात केली.

मध्यंतरात लेकीने माझी ओळख करून दिली. मी न राहवून विचारले, "इतकी दुर्मिळ चीज या खाऱ्या वाऱ्यात का आणता? दुसरी नाही?"

दुसरी होती, नवी, मागेच टेकवून ठेवलेली. अर्धा कार्यक्रम ते तिच्यावरच वाजवतात. जुनीचे दुखणे त्यांनी मला घरच्या माणसाचे सांगावे तसे सांगितले. ॲल्युमिनियम उन्हाने आणि दिव्यांनी तापते, वाऱ्याने निवते, आणि तारेच्या पोलादापेक्षा जास्त फुगते-आकसते. म्हणून सूर सरकतो. पुढे याच कंपनीने बेकेलाइटची गिटार काढली, पण पडली तर ती तडकते. तारा ज्यांच्या कमानीतून जातात ते घोड्याच्या नालासारखे दोन लोहचुंबक वयाबरोबर क्षीण होतात. खाली केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. ते तुटले तर नवे गुंडाळता येते, पण आवाज तोच राहील याची खात्री नाही. म्हणून ते ही गिटार विमानात कधी सामानात टाकत नाहीत, उन्हात ठेवत नाहीत आणि वाजवून झाली की घाम नि खार कोरड्या फडक्याने पुसतात.

"मग घरीच का ठेवत नाही?" मी पुन्हा विचारले.

ते म्हणाले, कपाटात ठेवलेली माझ्या ओळखीत तीन आहेत. तिन्ही चकचकीत आहेत. पण गार वारा सुटल्यावर कांडी किती सरकवायची, हे त्या घरांत आता कुणालाच ठाऊक नाही.

मग त्यांनी मंचावरच्या तरुणाकडे बोट दाखवले. त्यांचा नातू. शेवटचे गाणे त्या तव्यावर तोच वाजवणार होता. त्याने ते वाजवले. एका जागी अडखळलाही. म्हाताऱ्यांचे डोळे गिटारीवर नव्हते, त्याच्या डाव्या हातावर होते.

परतीच्या विमानात ही म्हणाली, "कपाटावरचं गाठोडं आता उतरवायचं ना?" मी झोपल्याचे सोंग घेतले. पण घरी आल्यावर शिडी मीच मागितली.

चादर सोडली तर घोडी उचकटलेली, तारा गंजून काळ्या. मामांची आठवण मी जपतो आहे असे समजत होतो, आणि ती तिकडे किडत होती! दुरुस्तीवाल्याने महिना घेतला. गिटार परत आली त्या दिवशी मी शेजारच्यांची बेल वाजवली. मुलाने दार उघडले. मी म्हणालो, "अरे, दोन वर्षांपूर्वी काका चुकले. घेतोस का ही गणपतीत?"

त्याने आधी माझ्या तोंडाकडे पाहिले, मग हात सदऱ्याला पुसून गिटार घेतली.

आरतीनंतर तो मंडपात वाजवायला बसला. दुसऱ्या गाण्यात फाडकन् एक तार तुटली. पोराचा चेहरा पांढरा पडला, आणि त्याने भीतभीत माझ्याकडे पाहिले. मी खिशातून नव्या तारांची पुडी काढली. ती मी सकाळीच आणून ठेवली होती.