तत्त्वतः, सरसकट, निकषांसह

चि. चिऊ,


तू पाठवलेला भाषणाचा मसुदा वाचला. जिल्हा परिषदेच्या उमेदवाराला इतकं चांगलं लिहून देणारं कोणी मिळालं, हे त्याचं नशीब. फक्त एक वाक्य माझ्या घशाखाली उतरेना. ‘तालुक्यातल्या प्रत्येक वाडी-वस्तीला नळाचं पाणी देण्यास आम्ही कटिबद्ध आहोत, निधीच्या उपलब्धतेनुसार, टप्प्याटप्प्याने, पात्र वस्त्यांना हा लाभ दिला जाईल.’ सुरुवातीला ‘प्रत्येक’ आणि शेवटी ‘पात्र’! मधल्या त्या एवढ्याशा स्वल्पविरामात किती वस्त्या गळाल्या, मोज बघू.

शब्दांचा असाच खेळ २०१७ च्या जूनमध्ये झाला, तेव्हा तू शिकायला बाहेर होतीस. १ जूनला शेतकरी संप सुरू झाला. ठिणगी नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याची, पण धग सगळी आपल्याकडे. बाजार समित्या ओस पडल्या, दूध रस्त्यावर ओतलं गेलं, सुकाणू समितीही नाशकातच ठरली. मागणी दोन शब्दांची होती: सरसकट कर्जमाफी. ११ जूनला मुंबईत समिती आणि मंत्रिगटाची बैठक झाली आणि तेव्हाचे महसूलमंत्री चंद्रकांत पाटील यांनी जाहीर केलं की कर्जमाफी तत्त्वतः मान्य आहे, सरसकट आहे आणि निकषांसह आहे. आंदोलन थांबलं. त्या तीन शब्दांची चेष्टा मात्र थांबली नाही. उधारी मागितली की दुकानदारसुद्धा ‘तत्त्वतः देतो’ म्हणायचा.

मला त्यातला ‘तत्त्वतः’ सगळ्यात हुशार वाटतो. मागणीला नाही म्हणायचं नाही, आणि हो म्हटल्याची जबाबदारीही घ्यायची नाही. ‘सरसकट’ने समोरच्याचा शब्द त्यालाच परत दिला, म्हणजे तो खूश. आणि मग ‘निकषांसह’ने तो शब्द काढून घेतला. नको ते सगळं तिसऱ्या शब्दात भरलेलं होतं.

२४ जूनला छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली. आकडे मोठे होते, ३४,०२२ कोटी रुपये आणि ८९ लाख शेतकरी. माफी दीड लाखापर्यंत. वर असेल त्याने वरची रक्कम आधी भरायची, मग सरकारचे दीड लाख. त्यात सुरुवातीला घटक धरला होता तो कुटुंब. आता समज, निफाडकडचं एक जोडपं आहे, दोघांच्या नावावर सव्वा-सव्वा लाख थकलेत. वेगवेगळे धरले तर दोघंही मर्यादेत बसतात. एकत्र धरले की अडीच लाख होतात, म्हणजे आधी एक लाख रोख आणा. ज्याच्याकडे एक लाख रोख असते तो थकबाकीदार कशाला झाला असता? शिवाय दोघांची आधार कार्डं घेऊन ई-सेवा केंद्राच्या रांगेत उभं राहायचं, आणि मातीत घासलेला अंगठा यंत्राने ओळखायची वाट पाहायची. पुढच्या वर्षी कुटुंबाची अट सैल केली, पण प्रत्यक्ष लाभ मिळालेले जाहीर आकड्याच्या निम्म्याच्या आसपासच राहिले.

ही एका पक्षाची खोड नाही, म्हणून तुझ्या उमेदवाराचा पक्ष कोणता ते मी विचारलं नाही. ‘सातबारा कोरा’ म्हणत आलेल्या पुढच्या सरकारने डिसेंबर २०१९ मध्ये दोन लाखांची मर्यादा घातली. अलीकडे ‘योग्य वेळी’ हा शब्द जोरात आहे. २०२४ च्या निवडणुकीत कर्जमाफीचं आश्वासन होतं, त्यानंतर २०२५ मध्ये समिती आणि निर्णयासाठी ३० जून २०२६ ही तारीख आली, तीही नागपुरात शेतकऱ्यांचं आंदोलन पेटल्यावर.

तू म्हणशील, मामा, अटी घालूच नयेत का? घालाव्यात की! तिजोरी अथांग नसते. राज्यघटनेच्या १९ व्या कलमात भाषणाचं स्वातंत्र्य आहे आणि त्याच्या पोटातच ‘वाजवी निर्बंध’ आहेत. पण ते कोणत्या कारणांसाठी घालता येतील हे तिथंच लिहिलंय, आणि वाजवी आहेत की नाही हे कोर्टात जाऊन विचारता येतं. ‘योग्य वेळी’ विरुद्ध कुठल्या कोर्टात जाशील? ‘दीड लाखापर्यंत माफ’ असं पहिल्याच दिवशी म्हटलं असतं तर लोक भांडले असते, पण फसलो असं म्हणाले नसते.

आपल्या सुरगाणा-पेठ-दिंडोरीच्या आदिवासींना ही मोघम शब्दांची चलाखी भाषणं लिहिणाऱ्यांच्या आधी कळली. मार्च २०१८ मध्ये नाशिकच्या सीबीएस चौकातून निघालेल्या लाँग मार्चने मुंबईत लेखी आश्वासन घेतलं, वनहक्काच्या दाव्यांना सहा महिन्यांची मुदत घेतली. मुदत टळली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये पुन्हा चालावं लागलं. म्हणून मार्च २०२३ च्या मोर्चाने बोलणी झाल्यावरही शहापूर तालुक्यातलं वाशिंद सोडलं नाही. अंमलबजावणी सुरू झाल्याचं दिसल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवून लोक तिथंच बसून राहिले. तुझा उमेदवार उद्या अशाच माणसांसमोर माईक धरणार आहे. ‘पात्र’ शब्द आला की ते हसतील, किंवा त्याहून वाईट, टाळ्या वाजवून घरी जातील.

तेव्हा ते वाक्य बदल. कोणत्या वस्त्या, किती, पहिल्या वर्षी कोणत्या, पैसा कुठल्या योजनेतून, हे त्याच्याकडून वदवून घे आणि तेवढंच लिही. सातच वस्त्या निघाल्या तर सात लिही. तो आकडा द्यायला तयार नसेल, तर पाण्याचं वाक्य भाषणातून काढून टाक.

तुझा,
मामा
नाशिक